फालापची नळी आणि वहीतले सव्वादोन किलो

आधीच सांगून टाकते: या घरचा चहा, बांबूच्या नळीत ठासलेला फालापही, चांगला आहे आणि पाकिटावरचा एक शब्द चुकीचा आहे.

ठिकाण आसामात, तिनसुकिया जिल्ह्यात, मार्गारिटाच्या पुढे. सिंगफो या आदिवासी जमातीचं गाव. एका घराची जेमतेम दोन एकर चहाची लागवड, आणि घरातच पाहुण्यांसाठी काढलेल्या दोन खोल्या. घराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांच्या लेबलाबद्दल पुढे जे लिहिलंय, ते दुरुस्त करायला त्यांनी मार्चपर्यंत मुदत मागितली आहे. मुदत दिली की ती संपेपर्यंत बोभाटा करायचा नाही, हा माझा नोकरीतला नियम. तेहतीस वर्षं लेखापरीक्षणात काढली, सवयी जात नाहीत.

आम्ही दोघं नोव्हेंबरच्या मध्यावर गेलो. तिनसुकियाहून दिगबोईवरून मार्गारिटापर्यंत रस्ता बरा आहे. पुढचं अंतर फोनवर ‘पंधरा मिनिटं’ सांगितलं होतं, लागला पाऊण तास. त्यात साडेचारला सूर्य मावळतो. देशाच्या त्या टोकाला आपलं घड्याळ चालतं खरं, पण सूर्य त्याला जुमानत नाही. घराशी पोचलो तेव्हा मिट्ट काळोख होता आणि चार पायऱ्या चढून वर जायचं होतं, कारण घर खांबांवर उभं आहे. जिन्यात दिवा नाही. हातात बॅटरी असू द्या. आमच्या ह्यांचा पाय पहिल्याच पायरीवर मुरगळता मुरगळता राहिला.

वेळेवरून दुसऱ्या दिवशी आणखी एक घोटाळा झाला. यजमान म्हणाले, “बाइदेउ, उद्या आठला खुडणी.” बाइदेउ म्हणजे ताई. मी साडेसातला तयार होऊन अंगणात बसले, तर बायका पाट्या पाठीला लावून केव्हाच गेलेल्या. आसामातल्या चहामळ्यांचं घड्याळ आपल्या घड्याळाच्या तासभर पुढे असतं. उजेड लवकर होतो म्हणून साहेबांच्या काळापासून चालत आलेली रीत. या घरचा चहा मळ्यातला नाही, पण खुडायला येणाऱ्या बायका शेजारच्या मळ्याच्या वस्तीतल्या. त्यांचे आठ म्हणजे आपले सात. पाहुण्यांना हे आधी सांगायला हवं.

आता लागवड. मोठ्या मळ्यांचे फोटो पाहून गेलात तर निराश व्हाल. तिथे हिरवा गालिचा असतो, इथे शेत आहे. झुडपं कमरेइतकी, पण एकसारखी नाहीत. काही रोपवाटिकेतल्या कलमांची, काही बियांपासून वाढलेली. मध्येमध्ये शिरीषाच्या जातीची सावलीची झाडं, त्यांच्या बुंध्यांवर मिरीचे वेल. गवत विळ्यानं कापून तिथेच झुडपांच्या बुडाशी पसरलेलं. हिवाळ्यात छाटणी होते, त्या काटक्याही बाहेर नेत नाहीत, ओळींमध्येच कुजू देतात. खत घरच्या गुरांचं. दर काही ओळींनंतर गुडघाभर खोल चर. चहाला पाऊस भरपूर लागतो, पण मुळाशी पाणी साचलेलं मुळीच चालत नाही, म्हणून या चरांची साफसफाई हेच वर्षातलं सगळ्यात कंटाळवाणं काम असल्याचं यजमान म्हणाले. शिरीषाचं काम नुसती सावली देणं नव्हे. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात आणि पालाही तिथेच गळतो. युरियाची गोणी वाचते ती अशी.

मी पान उलटं करून पाहिलं. सेंद्रिय म्हणवणाऱ्या शेतात किडीचा मागमूस नसेल तर मला आधी शंका येते. इथे किडी होत्या. काही जुनी पानं तांबूस पडली होती, तो लाल कोळी. कोवळ्या पानांवर भाजल्यासारखे तपकिरी ठिपके होते, तो चहावरचा ढेकण्या. काजूवाल्यांना ढेकण्या ठाऊक असेल, त्याचाच हा भाऊबंद. कोवळ्या कोंबात सोंड खुपसून रस पितो आणि कोंब वाकडा होऊन काळवंडतो. यजमानांनी काही लपवलं नाही. गोमूत्रात कडू पाला आंबवून फवारतात, पण खरा उपाय म्हणजे खुडणी वेळेवर करणं. सात-आठ दिवसांनी कोंब खुडले गेले की ढेकण्याची अंडीही त्यांच्याबरोबर जातात. पावसाळ्यात खुडायला बायका मिळाल्या नाहीत आणि खुडणी बारा-चौदा दिवसांवर गेली, तर तेवढं पीक त्यानंच खाल्लं म्हणून समजायचं. यंदा जुलैत तसं झालं होतं.

मीही खुडून पाहिलं. दोन पानं आणि एक कळी हे शाळेच्या पुस्तकात वाचलेलं. अंगठा आणि तर्जनीत कोंब धरून नखानं तोडायचं नाही, किंचित वाकवून मोडायचं. पाऊण तासात माझी ओंजळ-दीड ओंजळ झाली. यजमानांची आई सत्तरीच्या पुढची. तिनं माझा ढीग सुपात ओतला, बोटांनी पसरला आणि एकेक काढून बाजूला टाकायला लागली. तीन पानांचे, नख लागून काळे पडलेले, आणि ज्यांच्या टोकाला कळीच नाही असे ‘वांझे’ कोंब. आमची भाषा एकमेकींना कळत नव्हती. शेवटी सुपात मूठभर उरलं. तिनं ते माझ्याच ओट्यात घातलं आणि टाकलेला ढीग गुरांपुढे नेऊन ठेवला. इतका स्वच्छ अभिप्राय मला आयुष्यात कुठल्या साहेबानं दिला नाही.

दुपारी मी वही मागितली. आमचे हे म्हणाले, “अगं, आपण सुट्टीवर आलोय.” पण सेंद्रिय शेतीत वही असावीच लागते आणि ती दाखवायची तयारीही. शंभर पानी शाळेची वही निघाली. तारीख, कोणता तुकडा, कोवळी पानं किती किलो, तयार चहा किती. हिशेब सोपा आहे. साधारण साडेचार किलो ओल्या पानांचा एक किलो चहा होतो. बाकी सगळं पाणी. पानोपानी आकडे जुळत होते, आणि ऑक्टोबरच्या एका नोंदीपाशी मी थांबले: पानं 28 किलो, चहा साडेआठ किलो. 28 किलोचा सहा-सव्वासहा व्हायला हवा. वरचे सव्वादोन किलो आले कुठून?

हा प्रश्न म्हणजे नुसतं खुसपट नव्हे. सेंद्रिय मालात भेसळ होते ती अशीच. बाहेरची फवारलेली पानं आणून आपल्या ढिगात मिसळायची. पानांवर ते दिसत नाही, वहीत दिसतं. यजमान गप्प झाले. त्यांनी बहिणीला हाक मारली. कढईवर तीच असते. ती हात पुसत आली, वही फिरवून आधीचं पान उलटलं आणि समासात आडवं लिहिलेली असमिया ओळ दाखवली. आदल्या संध्याकाळी दहा किलो खुडलेली, रात्रभर चटईवर कोमेजायला पसरलेली, आणि दुसऱ्या दिवशीच्या पानांबरोबर मळलेली. म्हणजे 38 किलोचे साडेआठ. भागाकार केला तर चार पूर्णांक सत्तेचाळीस. मी वही मिटली. ती हसली आणि भावाला काहीतरी बोलली. त्यानं भाषांतर केलं नाही.

आता त्या चुकीच्या शब्दाकडे येते. पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘ऑरगॅनिक’ छापलंय. प्रमाणपत्र पाहिलं तर ते पीजीएस-इंडियाचं. म्हणजे गावातल्या शेतकऱ्यांनी गट करून एकमेकांच्या शेताची तपासणी करायची आणि एकमेकांची हमी द्यायची, अशी पद्धत. लहान शेतकऱ्याला त्रयस्थ संस्थेच्या तपासणीची फी झेपत नाही, त्याच्यासाठी ही बरी वाट आहे. पण त्यात दोन पायऱ्या आहेत. चहासारखं वर्षानुवर्षं उभं राहणारं पीक रासायनिकातून सेंद्रियात आणायचं तर तीन वर्षांचा काळ जावा लागतो. तोवर ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’, त्यानंतर ‘पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक’. यांची तिसऱ्या वर्षाची नोंद चालू आहे. म्हणजे शेतात जे चाललंय ते खरं, पण पाकीट वर्षभर पुढे धावतंय. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, छापखान्यात हजारांखाली पाकिटं छापत नाहीत, सहाशे शिल्लक आहेत. मी म्हटलं, मग पट्टी चिकटवा. आणि तोडणीची तारीखही घाला, कारण नोव्हेंबरचा चहा आणि जूनचा चहा या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि गिऱ्हाइकाला काय विकत घेतोय ते कळलं पाहिजे.

याच माणसाची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तो अन्याय होईल. शेताच्या उत्तरेला दुसऱ्याची लागवड आहे, तिथे फवारणी होते. सकाळी तो उग्र वास मलाही आला. यांनी त्या बाजूच्या चार ओळी कापडाच्या चिंध्या बांधून वेगळ्या काढल्यात. त्या ओळींचा पाला स्वतंत्र पिशवीत जातो आणि गावात फिरणाऱ्या एजंटाला विकला जातो, तिथून पानं विकत घेणाऱ्या कारखान्यात. भाव एजंट म्हणेल तो, आणि पाला संध्याकाळपर्यंत विकलाच पाहिजे, कारण पिशवीत भरलेलं पान रात्र काढत नाही. आसामात लहान बागायतदार, म्हणजे टी बोर्डाच्या व्याख्येत 10.12 हेक्टरपर्यंतचे, त्यांतले बहुतेक असेच जगतात. देशातला निम्म्याच्या आसपास चहा आज या लहान लोकांच्या शेतातून येतो आणि तरी भाव ठरवताना त्यांना कोणी विचारत नाही. या चार ओळी आपल्या चहात गुपचूप मिसळल्या असत्या तर मला पत्ता लागला नसता. वहीत त्या ओळींना वेगळं पान आहे.

आता चहा. ते तीन प्रकार करतात. हातानं मळलेला काळा, कढईत परतलेला हिरवा, आणि फालाप.

हिरव्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. जरा जास्त परतला जातो, चुरा बराच निघतो, उकळतं पाणी ओतलंत तर कडवट होतो. पाणी उकळून पाच मिनिटं थांबा.

काळा छान आहे. आपण घरी उकळतो ती दाणेदार पावडर यंत्रातून चिरडून निघालेली असते. ती पद्धतही आसामातच निघाली, 1930च्या सुमारास. दूध-साखरेला टक्कर देणारा रंग झटकन उतरावा म्हणून ती बरी. हा चहा तसा नाही. लांब, वळलेली, काळी पानं, मध्येच सोनेरी टोकं. तीन मिनिटांत तांबडा, चमकदार काढा उतरतो आणि जिभेवर माल्टसारखी गोडसर चव राहते. आमच्या ह्यांनी पहिल्या दिवशी त्यात दूध मागितलं. बहिणीनं काही न बोलता दूध दिलं. त्यांनी दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवसापासून कोरा. दोन पाकिटं पाठोपाठ उघडली तर दोन्हीत फरक जाणवतो, एक जरा जास्त आंबलेलं. हाताचा माल म्हणून मी ते सोडून देते, पण ज्यांना दर महिन्याला तीच चव हवी त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

फालाप मात्र दुसरीच गोष्ट आहे. सिंगफोंच्या भाषेत ‘लाप’ म्हणजे पान. ही पानं शेतातल्या झुडपांची नव्हेत. घरामागे चहाची पाच-सहा जुनी झाडं आहेत. झाडंच म्हणते मी, कारण छाटली नाहीत तर चहाची झुडपं दोन-तीन पुरुष उंच होतात. त्यांच्या खोडावर पाय देऊन फांद्या वाकवतात. पानं कढईत लवेपर्यंत परतायची, हातानं चोळायची, उन्हात वाळवायची, आणि मग बांबूच्या नळीत थोडी थोडी घालून दांड्यानं ठासायची. ठासण्याचा आवाज मुसळासारखा येतो. नळीचं तोंड पानांनी बंद करून ती चुलीवरच्या माचावर ठेवतात. खाली रोजचा स्वयंपाक, वर धूर. महिने जातात. बांबू बाहेरून काजळतो आणि आतला चहा दगडासारखा घट्ट होतो.

आईनं आमच्यासमोर एक जुनी नळी काढली. विळ्यानं बांबू सोलला, आतून काळी दांडी निघाली, तिच्यावर बांबूच्या आतल्या पापुद्र्याचे पांढरट ठसे. तिनं बोटाच्या पेराएवढी चकती कापली आणि ती केटलीत टाकली. रंग मधासारखा. पहिला घोट घेतला की धूर, सारवलेलं स्वयंपाकघर, भिजलेलं लाकूड. दुसऱ्या पाण्याला धूर मागे सरतो. तिसऱ्याला किंचित गोडी येते. त्याच चकतीवर आम्ही चार वेळा पाणी घातलं आणि चौथा कप मला सगळ्यात आवडला. आमच्या ह्यांना चारही आवडले नाहीत. “चुलीत पडलेला काढा,” म्हणाले. मत त्यांचं, मी नोंदवून ठेवते. धुराचा वास ज्यांना सोसत नाही त्यांनी आधी तिथे एक कप पिऊन मगच नळी घ्यावी.

चहा पिता पिता इतिहास निघाला, तो थोडक्यात. आसामात चहा ‘सापडला’ तो 1823 साली रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश माणसाला, असं आपण वाचतो. त्याला सिंगफोंच्या बिसा गाम या सरदाराकडे जायचं सुचवलं मणिराम दिवाण या आसामी उमरावानं, आणि सरदारानं त्याला दाखवली ती घरची पिण्याची वस्तू. आसामच्या चहाच्या आठ पेट्या 10 जानेवारी 1839 रोजी लंडनच्या लिलावात विकल्या गेल्या, त्याच वर्षी आसाम कंपनी उभी राहिली. पुढे मणिराम दिवाणांनी स्वतःच्या बागा लावल्या, आणि 1857च्या उठावातल्या कटावरून 1858च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी त्यांना जोरहाटला फाशी दिलं. यजमान हे सगळं घरातल्या भांडणासारखं सांगतात. “सापडला म्हणे! आमच्या चुलीवर होता.” त्यांच्या आईनं तेवढ्यात केटलीत पाचव्यांदा पाणी ओतलं.

राहण्याबद्दल दोन शब्द. माणशी अठराशे रुपये, दोन वेळचं जेवण धरून. पानात बांधून आणलेला वाफाळता भात, उकडलेली भाजी, आंबट रश्श्यातला मासा. तिखट जवळजवळ नाही. गादी पातळ, चटईवर घातलेली, गुडघेदुखीवाल्यांनी विचार करावा. न्हाणीघर खाली, घराबाहेर, स्वच्छ. रात्री माचावरच्या नळ्यांचा वास खोलीत येतो आणि कपड्यांना चार दिवस टिकतो. मला चालला.

काळा चहा अडीचशे रुपयांना शंभर ग्रॅम, वीतभर फालापची नळी साडेतीनशेला. दुकानातल्या पावडरीशी तुलना केली तर महाग. वहीतल्या आकड्यांवरून मी मजुरी, लाकूड आणि पाकीट धरून हिशेब मांडून पाहिला, तर काळ्या चहात त्यांना बरं सुटतं आणि फालापमध्ये फारसं काही सुटत नाही. मी तसं सांगितलं. त्यांना ते ठाऊक होतं.

जानेवारीत पुन्हा मागवला. दोन नळ्यांपैकी एक वाटेत उभी चिरली होती. फोटो पाठवल्यावर लगेच दुसरी देतो म्हणाले. मी नको म्हटलं, चिरलेलीच आधी संपवतेय. दुसरी न उघडता ठेवलीय, आईच्या सांगण्यावरून. काळ्या चहाच्या पाकिटांवर मोठा ‘ऑरगॅनिक’ अजून तसाच आहे, पण त्याच्यावर कागदाची पट्टी चिकटवलीय, तिरकी, निळ्या शाईनं लिहिलेली: पीजीएस-इंडिया ग्रीन, तिसरं वर्ष, खुडणी 27 नोव्हेंबर.